दुसऱ्याचे स्वातंत्र्य : गोपाळ गणेश आगरकर

आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी लोकमान्य टिळकांवर एखादा तरी लेख असतो, आणि तो असायलाच हवा. १८९३-९४ च्या सुमारास त्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जे बळ दिले, त्याच्या जोरावरच आपण आज महाराष्ट्रापासून इतक्या दूर, भिलाईत, दहा दिवस एकत्र येतो. यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी मात्र टिळकांऐवजी त्यांच्या मित्राबद्दल लिहितो असे कळवले. त्यांनी आनंदाने होकार दिला, याबद्दल त्यांचे आभार.

हा मित्र म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. कारखान्यात माझ्याबरोबर बंगाली, तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी असे सर्व प्रांतांचे सहकारी होते. टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक. आगरकरांचे नाव मात्र आपल्या मराठी मंडळींच्या बाहेर फारसे गेलेले नाही. कुणी विचारलेच तर आपण 'ते मोठे समाजसुधारक होते' असे सांगतो आणि विषय संपतो. निवृत्तीनंतर मी त्यांचे निबंध सवडीने वाचले, तेव्हा माझ्या मनात हा विषय संपण्याऐवजी सुरू झाला. स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, आणि माझ्या स्वातंत्र्याचा दुसऱ्याशी संबंध काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आगरकर तो प्रश्न पुस्तकात ठेवायला तयार नव्हते. त्यांनी तो जगून पाहिला, म्हणून त्यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती हलाखीची. कऱ्हाडला शिकले, पोटासाठी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकण्यासाठी रत्नागिरी गाठली, तिथेही निभाव लागेना. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला गेले आणि १८७५ मध्ये तिथून मॅट्रिक झाले. त्या काळी अकोला म्हणजे वऱ्हाड, मुंबई इलाख्याच्या बाहेरचा मुलूख. शिक्षणासाठी आणि पोटासाठी गाव सोडून परमुलखात जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी ट्रंक आणि वळकटी घेऊन या गावी पहिले पाऊल ठेवले, त्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते दाखल झाले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, अशी त्यांची गोष्ट सांगतात. याच कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री जमली. दोघे एकाच वयाचे, दोघेही हट्टी, दोघांनाही देशाचा ध्यास. सरकारी नोकरी करायची नाही, लोकांना शिक्षण द्यायचे, असा दोघांनी निश्चय केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले, एम.ए. होताच आगरकरही तिथे रुजू झाले. एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी जागा सहज मिळे. आपला मुलगा आता चार पैसे मिळवील या आशेवर असलेल्या आईला त्यांनी पत्राने कळवले, की पोटापुरते मिळवून बाकी सर्व वेळ मी लोकांसाठी देणार आहे. आईला हे पत्र वाचून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण घेतलेल्या मोकळ्या निर्णयाची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच कुणी भरत असते. हेही त्या विषयाचेच एक अंग आहे.

कॉलेजात असताना आगरकरांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचे ग्रंथ बारकाईने वाचले. मिलचे स्वातंत्र्यावरचे पुस्तक १८५९ साली निघाले. त्यातला मुद्दा थोडक्यात असा : एखाद्या माणसाच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने त्याला अडवावे, केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर सक्ती करू नये. मिलने आणखी एक गोष्ट ओळखली होती. माणसाला बांधून ठेवणारा फक्त राजाच असतो असे नाही. शेजारपाजार, नातेवाईक आणि रूढी मिळून माणसाला राजापेक्षाही घट्ट बांधू शकतात.

गंमत अशी, की हा मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. हे तत्त्व मागासलेल्या, अजून वयात न आलेल्या समाजांना लागू नाही, असा अपवादही त्याने त्याच पुस्तकात करून ठेवला. पुण्यातल्या या गरीब विद्यार्थ्याने तत्त्व उचलले आणि अपवाद बाजूला ठेवला. मला यात आगरकरांच्या विचाराची किल्ली सापडते. हिंदी लोक अजून स्वातंत्र्याला लायक नाहीत, असे इंग्रज म्हणे. बायका अजून स्वातंत्र्याला लायक नाहीत, असे इंग्रजावर चिडणारा गृहस्थ घरात म्हणे. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. पहिले खोटे असेल तर दुसरे खरे कसे?

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. वर्षभरातच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तिथले तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशा बातम्या येत होत्या. या पत्रांनी महाराजांची बाजू घेतली आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले होते ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी जोतिराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. कोण कुणाच्या स्वातंत्र्यासाठी उभा राहिला, ते पाहा! पुण्याचे दोन ब्राह्मण तरुण कोल्हापूरच्या एका असहाय राजासाठी तुरुंगात निघाले, आणि ज्यांची मते त्यांच्या मंडळींना पटत नव्हती त्या फुल्यांनी त्यांच्यासाठी जामीन उभा केला.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघे १०१ दिवस होते. या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. कोठडीत दोघांचे वाद रंगत आणि आवाज इतके चढत, की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावे लागे. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या पुढे महाराष्ट्रभर गाजलेल्या वादाची तालीम अशी गजांआड झाली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर, 'विकारविलसित', याचेही काम आगरकरांनी तिथे केले. चार भिंतींत कोंडलेली ती दोन माणसे एकमेकांशी हवे ते बोलायला मात्र पूर्ण मोकळी होती. बाहेर आल्यावर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले, त्यात दोघांचाही वाटा होता.

मग फाटाफूट झाली. निमित्त अनेक होती, पण मुळाशी हाच प्रश्न होता. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने झाला, पण १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टाने फर्मावले, की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या सुटल्या. पुढे त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे सेवा केली.

टिळकांच्या मते हा हिंदू धर्मशास्त्राचा आणि समाजाच्या चालीरीतींचा प्रश्न होता. आगरकरांच्या मते ज्या मुलीची संमती कुणी कधी विचारली नाही, तिच्यावर त्या लग्नाचे बंधन लादणे अन्याय होता. एकाच वर्तमानपत्रात ही दोन मते राहणे शक्य नव्हते. १८८७ च्या अखेरीस आगरकरांनी 'केसरी' सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. १८९० मध्ये टिळकही सोसायटीतून बाहेर पडले.

वादाचा कळस झाला तो संमतिवयाच्या बिलावर. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला आणि देशभर खळबळ उडाली. संमतिवय दहावरून बारा करावे, असे बिल सरकारने आणले. १८९१ च्या मार्चमध्ये ते मंजूर झाले.

इथे टिळकांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ते बालविवाहाचे भक्त नव्हते. मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, अशी सूचना त्यांनी स्वतः मांडली होती. मात्र ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यावरच ते बंधन असावे. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद हलका नाही. स्वतःच स्वतःवर घातलेले बंधन हे स्वातंत्र्याच्या आड येत नाही, उलट ते स्वातंत्र्याचेच रूप आहे, असे मोठमोठे तत्त्वज्ञही सांगतात. गुलाम देशाने निदान आपला उंबरठा तरी आपला ठेवावा, ही भावनाही समजण्यासारखी आहे.

पण मी हा वाद जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा एका गोष्टीशी अडतो. सही करणार कोण? बाप करणार, सासरा करणार. जिच्या देहाचा आणि जन्माचा प्रश्न आहे ती दहा वर्षांची मुलगी सही करत नाही. समाज हळूहळू शिकेल, मग सुधारेल, हे खरेच. पण तोवर तिचे बालपण थांबून राहत नाही. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली ती सरकारच्या प्रेमापोटी घेतली नाही. इंग्रजी राज्याने देश कसा दरिद्री होतो आहे, हेही त्यांनी कडक शब्दांत लिहिले आहे. त्यांना दिसत होते ते इतकेच, की समाजाचे स्वातंत्र्य आणि समाजातल्या माणसाचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी आहेत. आमच्या घरात कुणी बोलू नये, असे म्हणणारा गृहस्थ कधी घराचे रक्षण करत असतो, तर कधी घरातल्या दुबळ्यावरची आपली सत्ता राखत असतो. दोन्ही वेळा तो शब्द वापरतो एकच, स्वातंत्र्य.

या मतांची किंमत आगरकरांनी भरपूर मोजली. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. आपली अंत्ययात्रा आपल्याच डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. घरात दम्याचे दुखणे, पगार बेताचा, बाहेर बहिष्काराची भाषा. तरी 'सुधारक' चालू राहिला.

आगरकरांच्या चरित्रातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र त्यांच्या घरातली आहे. ते स्वतः देवधर्म, सोवळेओवळे मानत नसत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांची पूजाअर्चा, व्रतवैकल्ये घरात चालू राहिली. आगरकरांनी देव्हारा हलवला नाही, हुकूम सोडला नाही. बाहेर एवढ्या तलवारी परजणारा हा माणूस घरात ढिला कसा, असे लोकांनी त्यांना हिणवले. सनातन्यांनी ढोंग म्हटले, काही सुधारकांनी दुबळेपणा म्हटला. मला वाटते, हा दुबळेपणा असता तर प्रेतयात्रा पाहून त्यांनी लेखणीच खाली ठेवली असती. पत्नीला आपले मत पटवून द्यायचा त्यांना हक्क होता. तिच्यावर ते लादायचा नव्हता. बायकांना स्वातंत्र्य द्या असे पुरुषांना सांगायचे आणि आपल्या बायकोने काय मानावे हे आपणच ठरवायचे, ही विसंगती त्यांना जमली नाही.

मग कायद्याची सक्ती त्यांना चालली कशी, असे कुणी विचारील. उत्तर त्या दोन गोष्टींतच आहे. यशोदाबाईंच्या पूजेने कुणाला इजा होत नव्हती. दहा वर्षांच्या मुलीला सासरी पाठवण्याने होत होती. पहिल्या ठिकाणी हात आवरणे आणि दुसऱ्या ठिकाणी हात घालणे, हा एकाच तत्त्वाचा निकाल आहे. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर माझे स्वातंत्र्य हा माझ्याभोवतीचा एकाकी किल्ला होऊ शकत नाही. मला बोलायला मोकळीक हवी तर ऐकणारा आणि विरोध करणारा दोघेही मोकळे हवेत. जो घाबरून हो म्हणतो त्याच्या होकाराला काय किंमत? ज्याच्या घरात सर्वजण त्याला भितात, त्याला खरे मत सांगणारे कुणी उरत नाही. आणि ज्याला खरे कुणी सांगत नाही तो माणूस आपल्याच चुकांचा कैदी होतो.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. याच कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि गावाकडचा बहिष्कार सोसला. आगरकर त्यांच्या पाठीशी होते. एका माणसाच्या मोकळेपणाने दुसऱ्याला धीर येतो तो असा. पुढे कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे जे काम उभे केले ते सर्वांना माहीत आहेच.

आगरकरांच्या लेखणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांनी जातिभेदावर टीका केली, पण त्यांच्या डोळ्यासमोर मुख्यतः पांढरपेशा घरातली स्त्री होती, विधवा होती. शेतकरी, अस्पृश्य, मजूर यांच्या बेड्यांबद्दल अधिक खोलवर जाऊन बोलले ते फुले, आणि पुढे डॉ. आंबेडकर. स्वातंत्र्याच्या विचारात 'दुसरा' म्हणून कुणाकुणाला धरायचे, हे वर्तुळ एका माणसाच्या हयातीत पुरे होत नसावे.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा बोजा कुणावर पडू नये म्हणून त्यांनी वीस रुपये पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. लिहिताना त्यांना अश्रू आवरत नव्हते, असेही सांगतात. आठ वर्षे एकमेकांवर कठोर टीका केलेली ही दोन माणसे. मतभेद संपला नाही, पण त्याखालची डोंगरीची मैत्रीही संपली नव्हती.

आगरकरांच्या हयातीत सार्वजनिक गणेशोत्सवाची पहिली एक-दोनच वर्षे आली. आज त्यांना आपल्या मांडवात बोलावले असते तर ते आरतीला उभे राहिले असते असे मला वाटत नाही. पण आरतीनंतर ते आपल्याशी बोलत बसले असते, आणि वर्गणी मागताना नाही म्हणणाऱ्याला आपण कसे वागवतो, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या मुलासाठी लाउडस्पीकर वेळेत बंद करतो का, कार्यकारिणीत बायका किती आणि स्वयंपाकघरात किती, असले अडचणीचे प्रश्न त्यांनी विचारले असते. परक्या प्रांतात आपण आपली भाषा, आपला सण मोकळेपणाने जपतो. हा मोकळेपणा इथल्या लोकांनी आपल्याला दिला, म्हणूनच ते शक्य झाले. घरातली सून, नोकरीसाठी दूर जाऊ पाहणारी मुलगी, आपल्यापेक्षा वेगळ्या जातीत किंवा प्रांतात लग्न ठरवणारा मुलगा यांना तेवढीच मोकळीक देताना आपला हात अडखळतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आगरकरांचे निवडक निबंध आजही पुस्तकरूपाने मिळतात. ज्यांची मराठी वाचनाची सवय सुटली आहे, त्यांना सुरुवातीला भाषा थोडी जड वाटेल, पण दोन-तीन निबंधांनंतर जमते. तरुण मंडळींनी एकेक निबंध वाचावा आणि पुढच्या वर्षी याच मांडवात त्यावर वाद घालावा, अशी माझी सूचना आहे. वाद जोरात झाला तरी हरकत नाही; डोंगरीतही तो जोरातच होत असे.